उपनगरातील घराची निवड : जून ते डिसेंबर २०२५ च्या प्रकल्प नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात आम्ही ज्या घरात अकरा वर्षे भाड्याने राहत आहोत, ती म्हाडाची इमारत पुनर्विकासाला जाणार असून घरमालकांनी डिसेंबरअखेर जागा रिकामी करून देण्यास सांगितले आहे. पुन्हा कुठेतरी अनामत रक्कम अडकवून अकरा महिन्यांचा करार करण्यापेक्षा स्वतःचे घर घ्यावे, असे पत्नीचे आणि माझे ठरले. मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली आणि किरकोळ डागडुजी धरून सत्तर लाखांची मर्यादा आखली आहे. त्या मर्यादेत विक्रोळी, भांडुप किंवा मुलुंडमध्ये आमच्या चौघांना पुरेल असे घर मिळत नाही, हे गेल्या दोन आठवड्यांतच स्पष्ट झाले. म्हणून शोध ठाण्यापासून पुढे सुरू करायचा आहे.

माझे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे आणि पत्नीचे ऐरोलीत. आई एकाहत्तर वर्षांची आहे, तिचे गुडघे दुखतात. मुलगी दुसरीत आहे. सोमवारी, ९ जूनला, मुंब्रा स्थानकाजवळच्या वळणावर दोन खचाखच भरलेल्या लोकल एकमेकींजवळून जात असताना दारातले प्रवासी रुळांवर पडले आणि त्यांतील काहींचा जीव गेला. त्या बातमीनंतर घरात घराच्या किमतीविषयी कोणी बोलले नाही, गाडीविषयीच बोलणे झाले. म्हणून या वहीत मिनिटांबरोबर आणखी एक गोष्ट नोंदवायची असे ठरवले आहे : डब्यात आत उभे राहता आले की दारात.

२२ जून, रविवार

पद्धत ठरवण्यात आजचा दिवस गेला. जाहिरातींत ‘स्टेशनपासून दहा मिनिटे’ असे लिहिलेले असते, पण ती दहा मिनिटे कोणत्या वाहनाने, कोणत्या वेळी आणि स्थानकाच्या कोणत्या टोकापासून मोजली आहेत, हे कोणी सांगत नाही. त्यामुळे घराच्या उंबऱ्यापासून कार्यालयातील खुर्चीपर्यंतचा पूर्ण वेळ आम्ही स्वतः मोजणार आहोत, तोही कामाच्या दिवशी, सकाळी आणि संध्याकाळी, आणि शक्य तितका पावसात. रविवारी दुपारी घर पाहायला गेले की प्रत्येक उपनगर शांत आणि जवळ वाटते.

मी दोघांच्या प्रवासाच्या सरासरीचा तक्ता आखला होता. पत्नीने तो पाहिला आणि म्हणाली, “सरासरी घरी येत नाही. घरी येतो तो आपल्यापैकी एक जण, आणि तो किती वाजता येतो ते लिही.” तिचे म्हणणे मला लगेच पटले. आई संध्याकाळी मुलीला सांभाळते, पण साडेसातनंतर ती थकते. म्हणून तक्ता खोडून त्याच्या जागी एकच अट लिहिली : कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेसातला दोघांपैकी एक जण घरात असला पाहिजे. पावसाच्या दिवशीही.

३० जून, सोमवार

मावशी डोंबिवली पूर्वेला टिळकनगर परिसरात राहते. काल रात्री आम्ही दोघे तिच्याकडे मुक्कामाला गेलो आणि आज तिथूनच कामावर निघालो. आईचा पूर्ण ओढा डोंबिवलीकडे आहे. बहीण जवळ, गणेश मंदिर जवळ, फडके रस्त्यावर भाजीपासून पुस्तकांपर्यंत सारे काही आणि आजूबाजूला मराठी बोलणारी माणसे, हे तिचे कारण खरे आहे. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेची प्रथा ज्या गावाने सुरू केली, तिथे आपल्याला कधी परके वाटणार नाही, असे ती म्हणते.

पत्नी सात वाजून चाळीस मिनिटांनी घरातून निघाली आणि चौदा मिनिटांत चालत स्थानकात पोहोचली. पहिल्या दोन फास्ट लोकलमध्ये महिलांच्या डब्यात तिला पाय ठेवता आला नाही, तिसरीत चढली. ठाण्याला उतरणे हे चढण्याइतकेच कठीण होते, कारण डबा तिथे रिकामा होत नाही, उलट चढणाऱ्यांचा लोंढा आत येतो आणि उतरणाऱ्यांना त्यातूनच वाट काढावी लागते. पुलावरून ट्रान्सहार्बरच्या, म्हणजे नवी मुंबईकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गाच्या, नऊ आणि दहा क्रमांकाच्या फलाटांकडे जाण्यात अकरा मिनिटे गेली. पुढचा दिघागाव आणि ऐरोलीचा प्रवास मात्र सुखाचा होता. एकूण एक तास चौतीस मिनिटे लागली. मला कुर्ल्यापर्यंत फास्ट लोकलने आणि पुढे शेअर रिक्षाने संकुलात पोहोचायला एक तास एकोणपन्नास मिनिटे लागली, त्यांतील बावीस मिनिटे कुर्ला पश्चिमेच्या रिक्षाच्या रांगेत गेली.

मावशीच्या शेजारचे काका रोज कल्याणपर्यंत उलटे जाऊन तीच गाडी बसून पकडतात. याला तिथे सगळे ‘रिटर्न’ म्हणतात. बसायला जागा मिळते, पण त्यासाठी दिवसाची पंचवीस मिनिटे द्यावी लागतात आणि ती त्यांनी वीस वर्षे दिली आहेत.

संध्याकाळी पत्नी आठ वाजून पाच मिनिटांनी पोहोचली, मी साडेआठनंतर. अट पाळली गेली नाही.

१ जुलै, मंगळवार

डोंबिवलीविषयी आणखी दोन गोष्टी नोंदवून ठेवतो, कारण घर आवडले की त्या विसरल्या जातील. परवा पाहिलेल्या तीन घरांपैकी एक औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या निवासी विभागात होते, प्रशस्त होते आणि भावही बरा होता. पण त्या वसाहतीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ असे दोन मोठे स्फोट झाले आहेत. दोन्ही वेळी दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. आईला आणि मुलीला दिवसभर जिथे राहायचे आहे, ती जागा तिथे नको, यावर आमचे एकमत झाले.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. बनावट बांधकाम परवानग्यांच्या आधारे महारेराची, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी मिळवलेल्या डोंबिवली परिसरातील ६५ इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. त्या घरांत पैसे गुंतवलेले लोक आमच्यासारखेच पगारदार होते, आणि त्यांनी महारेराचा क्रमांक पाहूनच विश्वास ठेवला होता. त्यामुळे नोंदणी क्रमांक दिसला म्हणजे पडताळणी संपली असे आम्ही समजणार नाही. महापालिकेची मूळ परवानगी आणि इमारत राहण्यासाठी वापरता येईल असे सांगणारे भोगवटा प्रमाणपत्र प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय टोकनही द्यायचे नाही.

१२ जुलै, शनिवार

बदलापूर पश्चिमेला दोन प्रकल्प पाहिले. अठ्ठेचाळीस लाखांत टू बीएचके, खिडकीतून हिरवा डोंगर आणि स्वच्छ हवा. मुलगी गच्चीवर गेली आणि खाली यायला तयार होईना. पैशांच्या हिशेबात बदलापूरशी कोणतेही ठिकाण स्पर्धा करू शकत नाही, हे मान्य करायला हवे. विक्री कार्यालयातल्या मुलाने सांगितलेले क्षेत्रफळ आणि महारेराच्या संकेतस्थळावरील चटई क्षेत्र यांत फरक होता, कारण त्याने बाल्कनीही धरली होती आणि कायद्याच्या व्याख्येत ती धरली जात नाही. विचारल्यावर त्याने तो फरक मान्य केला.

पण सीएसएमटीपासून बदलापूर ६८ किलोमीटर आहे. कल्याणला मार्ग दुभंगतो, एक कसाऱ्याकडे आणि एक कर्जतकडे जातो, आणि त्यानंतर गाड्यांची संख्या निम्म्याहून कमी होते. एक गाडी चुकली की पुढच्या गाडीसाठी किती थांबावे लागेल, हे आम्ही फलाटावर उभे राहून पाहिले आणि वेळ मोजण्याची गरजच उरली नाही.

शिवाय उल्हास नदी. २६ जुलै २००५ च्या पुराची खूण एका दुकानदाराने भिंतीवर दाखवली, ती माझ्या खांद्याच्या वर होती. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले होते. नदीकाठच्या घराचा विचार करताना निळी आणि लाल पूररेषा पाहायची असते. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन्ही प्रकल्पांच्या कार्यालयांत तो नकाशा मागितला, तेव्हा एका ठिकाणी मिळाला आणि दुसऱ्या ठिकाणी मिळाला नाही.

परतीच्या गाडीत आई म्हणाली, “घर मोठं आहे रे, पण त्यात राहायला तुम्ही दोघं असणार कधी?” बदलापूर यादीतून काढले.

२६ जुलै, शनिवार

घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीला एक वन बीएचके पाहिले. इमारत उत्तम, बाग आहे, शाळा चालण्याच्या अंतरावर आहे. घरापासून ठाणे स्थानक सुमारे दहा किलोमीटर आहे आणि त्या दहा किलोमीटरसाठी आम्हाला बसने एक तास पाच मिनिटे लागली. मेट्रो ४ चे खांब उभे आहेत, बाजूला अवजड ट्रक आहेत आणि पावसाने रस्ता खणल्यासारखा झाला आहे. मेट्रो सुरू झाली की चित्र बदलेल, हे दलालाचे म्हणणे खोटे नाही. मात्र आज जे धावत नाही, ते आमच्या वहीत धरायचे नाही, असा नियम आम्ही केला आहे. मुलीचे बालपण त्या उद्घाटनाच्या तारखेवर अवलंबून ठेवता येणार नाही.

४ ऑगस्ट, सोमवार

कळव्याचा विचार आमच्या यादीत नव्हता. पत्नीच्या कार्यालयातील एक सहकारी कळव्याच्या खारेगावात राहतात, त्यांनी सुचवले. ऐरोलीला जायला त्यांना दोन रस्ते आहेत : एक रेल्वेने ठाण्याला जाऊन गाडी बदलण्याचा, आणि दुसरा कळवा, विटावा, दिघा मार्गे थेट रस्त्याने. इतर कोणत्याही ठिकाणी आम्हाला दुसरा रस्ता सापडलेला नव्हता, त्यामुळे आज सुट्टी घेऊन दोघांनी पूर्ण मोजणी केली.

पत्नी खारेगावातून बारा मिनिटे चालत कळवा स्थानकात आली, स्लो लोकलने पाच मिनिटांत ठाण्याला आणि तिथून ट्रान्सहार्बरने ऐरोलीला गेली. उंबऱ्यापासून कार्यालयाच्या दारापर्यंत अठ्ठावन्न मिनिटे लागली. परत येताना तिने मुद्दाम बस घेतली, संध्याकाळच्या गर्दीत त्रेपन्न मिनिटे लागली आणि सहा वाजून पन्नास मिनिटांनी ती खारेगावच्या नाक्यावर उभी होती. वहीत पहिल्यांदाच अट पाळली गेल्याची खूण झाली.

माझी कहाणी वेगळी आहे. २०२२ मध्ये पाचवी आणि सहावी मार्गिका सुरू झाल्यापासून फास्ट लोकलही कळव्यावरूनच जातात, पण तिथे थांबत नाहीत. स्लो लोकल मागूनच भरून येते. सकाळी कळव्याला आत शिरणे कठीण आहे, इतके की कित्येक जण कारशेडमधून ठाण्याला निघणाऱ्या रिकाम्या गाडीत रुळांवरून चालत जाऊन चढतात. मी ते करणार नाही, हे पत्नीला वचन दिले आहे. त्याऐवजी रिक्षाने खाडी ओलांडून ठाण्याला जायचे आणि तिथून सुटणारी स्लो लोकल पकडायची, हा मार्ग मी तपासला. बसायला नाही, पण आत उभे राहायला जागा मिळाली.

कुर्ल्याच्या रिक्षाच्या रांगेलाही आज पर्याय सापडला. घाटकोपरला उतरून मेट्रो १ ने मरोळ नाक्यापर्यंत आणि तिथून भुयारी मेट्रो ३ ने वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत. कागदावर हा वळसा आहे, पण रांग नाही, चिखल नाही आणि वेळ रोज जवळजवळ तोच लागेल. एकूण एक तास सव्वीस मिनिटे. कुर्ल्यामार्गे एक तास अठरा मिनिटे लागली होती. आठ मिनिटे देऊन खात्रीचा प्रवास मिळत असेल, तर मी ती रोज द्यायला तयार आहे.

१९ ऑगस्ट, मंगळवार

दोन दिवसांच्या मुसळधार पावसानंतर आज मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर सीएसएमटी ते ठाणे वाहतूक बंद पडली. मी कार्यालयात होतो आणि कुर्ल्यात मिठी नदीच्या काठच्या लोकांना हलवले जात असल्याच्या बातम्या येत होत्या. या दिवसाची आम्हाला वहीसाठी गरज होती, असे म्हणणे योग्य वाटत नाही, पण तो आला आणि त्याने जे दाखवले ते लिहून ठेवणे भाग आहे.

कुर्ल्याकडे जाण्यात अर्थ नव्हता. मेट्रो सुरू होती, त्यामुळे मरोळ नाक्यावरून घाटकोपर गाठले आणि तिथून पूर्व द्रुतगती मार्गावरच्या बसने विक्रोळीला उतरलो. दोन तास दहा मिनिटे लागली. त्याच महामार्गाने पुढे ठाणे आणि खाडीपुलावरून कळवा गाठता आले असते, उशिरा का होईना. डोंबिवलीसाठी त्यानंतरही बराच रस्ता उरला असता.

पत्नी ऐरोलीतून निघण्यापूर्वी खारेगावच्या सहकाऱ्यांशी बोलली. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की जोराच्या पावसात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचते आणि मग रस्त्याचा मार्ग बंद झाल्यासारखाच असतो. म्हणजे तिच्या दोन मार्गांपैकी पावसाळ्यातल्या काही दिवसांत एकच उरतो. पण एक तरी उरतो. आणि अगदी सर्व बंद पडले तर ऐरोलीहून खारेगाव चालत गाठता येण्याइतके जवळ आहे, असे तिने नकाशा पाहून सांगितले. तिला चालत यावे लागू नये, पण ती येऊ शकते, एवढ्यानेही मला आज धीर आला.

७ सप्टेंबर, रविवार

खारेगावात गेल्या तीन आठवड्यांत सात घरे पाहिली. पसंत पडलेले घर चौथ्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे, इमारत २००६ ची असून भोगवटा प्रमाणपत्र आम्ही स्वतः पाहिले. मागणी साठ लाखांची. पण ते वन बीएचके आहे. याच पैशांत डोंबिवलीला जुन्या इमारतीत टू बीएचके मिळत होते आणि बदलापूरला तर कितीतरी मोठे. प्रवासाचा वाचणारा वेळ आपण एका खोलीच्या मोबदल्यात विकत घेत आहोत आणि ती खोली आईची आहे, हा विचार मला तीन रात्री सोडत नव्हता.

आज आईला घर दाखवायला नेले. तिने लिफ्ट पाहिली, स्वयंपाकघरातला ओटा पाहिला, नळ उघडून पाहिला आणि शेजारच्या बाईंना पाणी किती वेळ येते ते विचारले. मग हॉलच्या खिडकीजवळ बराच वेळ उभी राहिली. खाली रस्ता दिसतो, शाळेतून परतणारी मुले दिसतात, भाजीवाला दिसतो. “माझी कॉट इथे लावा,” ती म्हणाली. “आतल्या खोलीत मला कोण दिसणार आहे?” ती हे माझ्या समाधानासाठी म्हणाली की मनापासून, हे मी विचारले नाही. डोंबिवलीच्या मावशीला भेटायला मात्र दर पंधरा दिवसांनी घेऊन जायचे, अशी अट तिने घातली आणि ती मी वहीत शाईने लिहिली.

शेजारचा भाग पाहताना आणखी काही नोंदी झाल्या. पूर्वी इथे रेल्वे फाटक होते आणि गाड्यांमुळे ते सतत बंद राहत असे, त्याजागी २०२२ मध्ये उड्डाणपूल झाला आहे. महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय कळव्यातच आहे. रात्री दहाला स्थानकापासून घरापर्यंत पत्नी आणि मी चाललो. दिवे होते, दुकाने उघडी होती, बायका एकट्या चालत होत्या. या शेवटच्या नोंदीला मी इतर साऱ्यांपेक्षा अधिक वजन दिले.

उद्यापासून पितृपंधरवडा आहे. या काळात बोलणी नकोत, असे आईचे म्हणणे, त्यामुळे तो वेळ कागदपत्रांसाठी वापरणार आहोत.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

वकिलांचा तीस वर्षांचा शोध अहवाल स्वच्छ आला. आधीच्या दोन्ही खरेदीखतांच्या प्रती, सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा), संस्थेचे भागपत्र, मालमत्ता कराच्या पावत्या आणि गृहनिर्माण संस्थेचे ना हरकत पत्र जुळले. एक उणीव आहे : जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे तिची मालकी, अजून संस्थेच्या नावे झालेले नाही आणि मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरने ते करून न दिल्यास सरकारी अधिकाऱ्याकडून करून घेण्याचा, अर्ज प्रलंबित आहे. संस्थेच्या सचिवांनी अर्जाची प्रत न मागता दिली, यामुळे विश्वास वाटला.

गेल्या महिन्यात २२ तारखेला मेट्रो ४ ची चाचणी झाल्यावर मेहुण्यांनी घोडबंदरचा विषय पुन्हा काढला होता. त्यांची कळकळ खरी आहे, पण नियम बदलला नाही. आज सकाळी टोकन दिले.

३० ऑक्टोबर, गुरुवार

दस्त नोंदणी झाली. घर फक्त पत्नीच्या नावे घेतल्याने मुद्रांक शुल्क सात टक्क्यांऐवजी सहा टक्के, म्हणजे ३,६०,००० रुपये लागले. दोघांच्या नावे घेतले असते तर ही सवलत मिळाली नसती. नोंदणी शुल्क कमाल मर्यादेइतके, ३०,००० रुपये. किंमत पन्नास लाखांहून अधिक असल्याने एक टक्का आयकर, ६०,००० रुपये, आम्ही विक्रेत्याच्या रकमेतून कापून भरायचा होता. ही जबाबदारी खरेदीदाराची असते, हे आम्हाला वकिलांनी वेळेवर सांगितले. तयार घर आणि भोगवटा प्रमाणपत्र असल्याने जीएसटी नाही. संस्थेने हस्तांतरणाचे २५,००० रुपये घेतले, त्याहून अधिक मागितले नाहीत. सर्व मिळून रंगकामाला पैसे उरले.

१५ डिसेंबर, सोमवार

नव्या घरातून कामावर जाण्याचा पहिला दिवस. पत्नी सकाळी रेल्वेने गेली, एक तास दोन मिनिटे. मी ठाण्याहून सुटणाऱ्या लोकलने आणि मेट्रोने, एक तास एकतीस मिनिटे, पूर्ण वेळ डब्याच्या आत. संध्याकाळी पत्नी सहा वाजून छप्पन्न मिनिटांनी पोहोचली, मी पावणेआठला. जिन्यातच कुकरची शिट्टी ऐकू आली. आई खिडकीजवळच्या कॉटवर बसली होती आणि मुलगी तिला खालून जाणाऱ्या गाड्यांचे रंग सांगत होती.

उरलेली कामे : मानीव अभिहस्तांतरणाच्या अर्जाची चौकशी जानेवारीत करणे, मुलीच्या शाळेच्या दाखल्यासाठी गुरुवारी जाणे, आणि रविवारी आईला डोंबिवलीला नेणे. विटाव्याच्या पुलाखालच्या पाण्याची नोंद जूनपासून स्वतः ठेवायची आहे.